दीवची बदली

आमचे एक स्नेही, वय वर्षे सहासष्ट, गेल्या हिवाळ्यात पणजीहून सायकलवर निघाले आणि सतराव्या दिवशी दीव बेटावर पोहोचले. त्यांना निरोप द्यायला कोणी पुढारी नव्हता, की हिरवा झेंडा दाखवायला कोणी अधिकारी. 'विश्वशांती'सारखा एखादा संदेशही त्यांनी सायकलीला बांधला नव्हता. घरच्यांनी विरोध केला, तो न जुमानता ते गेले, एवढेच. असल्या प्रवासाची वार्ता होत नाही. तरीही आज या स्तंभात तिला जागा देण्याचे कारण ते बेट होय.

दीव म्हणजे काय, हे आजच्या गोमंतकीय तरुणास बहुधा सांगावे लागेल. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला त्याच दिवशी दीवही मुक्त झाले, आणि ३० मे १९८७ रोजी गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळेपर्यंत त्याचा कारभार पणजीहून चालत होता. आपल्या विधानसभेच्या तीस जागांपैकी एक दमणची आणि एक दीवची असे. पंचवीस वर्षांचा हा संसार. परंतु पणजीच्या कचेऱ्यांत त्या बेटाचे नाव निघे ते बहुतकरून धमकी म्हणून. 'जास्त बोलाल तर दीवला बदली होईल', हे वाक्य ज्यांनी ऐकले असे निवृत्त नोकर अजूनही गावोगाव भेटतात.

आमच्या स्नेह्यांची बदली खरोखरच झाली होती, १९८३ साली. सत्तरीच्या डोंगरकुशीत वाढलेला चोवीस वर्षांचा हा कारकून बसने मुंबई, तेथून रेल्वेने सौराष्ट्र आणि शेवटी देलवाड्याच्या मीटरगेज गाडीने, असा तिसऱ्या दिवशी तेथे उतरला. त्याला सायकल येत नव्हती. दीव हे जेमतेम अकरा किलोमीटर लांबीचे, बहुतांशी सपाट बेट. तेथे सायकल न येणारा माणूस म्हणजे गोव्यात पोहता न येणारा रापणकार. कचेरीतील एका वयस्क शिपायाने आपल्या स्वतःच्या सायकलीवर त्यांना बसविले आणि किल्ल्याकडच्या रस्त्यावर मागची सीट धरून महिनाभर तो त्यांच्यामागे धावला. शिपाई गुजराती बोले, हे मराठी. तो यांना साहेब म्हणे आणि हे त्याला काका. १९८७ साली वाटण्या झाल्या तेव्हा यांनी साहजिकच गोवा पत्करला. पुन्हा भेटायला येतो असे सांगून निघाले, ते अडतीस वर्षे गेलेच नाहीत.

प्रवास सुमारे हजार किलोमीटरांचा झाला. केरीची फेरीबोट धरून तेरेखोल ओलांडले की रेडी, वेंगुर्ले, मालवण, देवगड असा समुद्राच्या कडेचा रस्ता लागतो. या रस्त्यावर पाय दुखतात ते अंतराने नव्हे, चढउतारांनी. प्रत्येक खाडीपाशी उतरायचे आणि पलीकडे पुन्हा चढायचे. पण खाडी आली की फेरीही आली, आणि सायकलस्वाराला त्यासारखा विसावा नाही. जयगडहून तवसाळ, धोपाव्याहून दाभोळ, वेसवीहून बागमांडले, दिघीहून आगरदांडा या साऱ्या फेऱ्या त्यांना तोंडपाठ झाल्या आहेत. बोटीवर मोटारवाला काचा वर करून बसून राहतो. सायकलवाल्याला मात्र कठड्याशी उभा पाहून कोळणी विचारतात, 'कुठून येतंय?' पणजीहून म्हटल्यावर विश्वास बसत नाही, आणि दीवला जातो म्हटल्यावर ते कुठे आले, हा प्रश्न ठरलेला.

मुंबईपुढचा महामार्ग हा निव्वळ सोसण्याचा भाग. मालमोटारींच्या झोतांनी सायकल दर दोन मिनिटांनी रस्त्याबाहेर ढकलली जाते. येथे थोडे विषयांतर क्षम्य मानावे. आपल्याकडेही रस्ते रुंद करताना सायकलीचा विचार कोणी करीत नाही. परिणामी, जी मुले एकेकाळी सायकलीने शाळेत जात त्यांना आता आईबाप मोटारीने सोडतात आणि त्या मोटारींमुळे उरलेल्या सायकलीही घरी राहतात. असो. सुरतेजवळ हजिऱ्याहून घोघ्याला जाणारी बोट २०२० साली सुरू झाली, तिने खंभातच्या आखाताचा मोठा वळसा वाचविला. सौराष्ट्राच्या किनाऱ्याने तळाजा, महुवा, राजुला असे चार दिवस. वाटेत अलंग लागते. तेथे जगभरची जुनी जहाजे फोडतात आणि त्यांतील दारे, खाटा, कपबश्या रस्त्याच्या कडेला दुकानांत मांडलेल्या असतात. तेथे त्यांनी एक पितळी घंटी घेतली व हँडलला बांधली.

बेटावर संपणाऱ्या प्रवासाची एक गंमत आहे. नगरात पोहोचल्यावर आणखी थोडे पुढे जावेसे वाटते. येथे पुढे रस्ताच नसतो. घोघल्याचा पूल उतरून ते किल्ल्यापाशी गेले. खाली पाणी, समोर पाणकोठा, मागे १५३५ साली पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला तट. आवेगाने काही वाटेल अशी त्यांची अपेक्षा होती. पायाला गोळा आला, एवढेच झाले. दुसऱ्या दिवशी ते नागव्याच्या बाजूने, फांद्या फुटलेल्या होक्याच्या ताडांखालून, बेटाला संथ फेरी मारून आले. चक्रतीर्थाजवळ 'खुकरी'चे स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवपासून दूर समुद्रात ती युद्धनौका बुडाली आणि कॅप्टन मुल्ला तिच्याबरोबर गेले. तेथे ते बराच वेळ उभे होते.

शिपायाचे घर घोघल्यात सापडले. दाराला कुलूप होते. म्हातारा कित्येक वर्षांपूर्वी वारला आणि मुले पोर्तुगालमार्गे इंग्लंडात, लेस्टरला गेली, असे शेजाऱ्यांनी सांगितले. गोव्यातील कितीतरी वाड्यांवर हीच कथा ऐकायला मिळते. सायकल ओट्याला टेकवून ते बसून राहिले. शेजारच्या म्हातारीने पाणी आणून दिले आणि कुठले म्हणून विचारले. पणजीचा, असे सांगताच ती घरात गेली व प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक पिवळी पावती घेऊन आली. जमिनीचा एक कागद १९८६ साली पणजीला पाठविला होता, तो अजून आला नाही, असे ती म्हणाली. मध्ये दीवचा कारभार वेगळा झाला, २०२० साली दादरा नगर हवेलीशी जोडलाही गेला. म्हातारीच्या लेखी कागद पणजीतच होता.

आमच्या स्नेह्यांनी पावतीवरचा क्रमांक उतरून घेतला. येताना सायकल बसच्या टपावर टाकून आले. सध्या आठवड्यातून दोनदा, त्याच सायकलीवरून, ते एका कचेरीत जुनी दप्तरे धुंडाळावयास जातात. अद्याप कागद मिळालेला नाही.