सीबी ७५०चा सेल्फ

होंडाची सीबी ७५० बाजारात आली १९६९ मध्ये. चार सिलिंडर, ७३६ सीसी, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक आणि बटणावर सुरू होणारं इंजिन. मोठ्या ब्रिटिश गाड्यांचे मालक तेव्हा किकवर घाम गाळत होते. होंडाने किकही ठेवली, पण अडीअडचणीपुरती.

या गाडीची स्टार्टर मोटर सिलिंडरच्या मागे, क्रँककेसवर, झाकणाखाली बसते. इतक्या वर्षांनी सेल्फ घेईनासा झाला की मालक लगेच नवी मोटर शोधू लागतात. ही घाई महागात पडते. आधी बॅटरी, केबल आणि अर्थिंग बघावं. मोटर गरगर फिरते पण इंजिन हलत नाही, तर मोटरला बोल लावूच नये. दोष बहुधा डावीकडच्या आल्टरनेटर रोटरमागच्या स्टार्टर क्लचचा. त्यातले तीन रोलर किंवा त्यांच्या स्प्रिंगा झिजल्या की पकड सुटते.

मोटर खोलायचीच, तर बॉडीवर आणि दोन्ही टोपणांवर आधी खूण करावी. शाफ्टवरचे पातळ वॉशर निघतील त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवावेत. आत बहुतेक वेळा सापडते ती काळी भुकटी, म्हणजे झिजलेल्या कार्बन ब्रशची धूळ. ती कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचांत ठासून बसते. खाचा हॅकसॉच्या घासून बारीक केलेल्या पात्याने हलक्या हाताने मोकळ्या कराव्यात, तांबं बारीक काचपेपरने उजळावं. एमरी नको, तिचे कण तांब्यात रुततात. मग मीटर लावायचा: पट्टी ते पट्टी सलगता हवी, पट्टी ते शाफ्ट मुळीच नको. तिथे सलगता दिसली तर आर्मेचर रिवाइंडिंगला द्यावं. कार्बन आणि ओ-रिंग मात्र नवेच घालावेत. त्यात काटकसर करणाऱ्याला मोटर पुन्हा खोलावी लागते.

सुटे भाग ओळखताना होंडाचा पार्ट नंबर कामी येतो. पहिले पाच आकडे भाग कुठला ते सांगतात; ३१२०० म्हणजे स्टार्टर मोटर. मधले तीन मॉडेलचे, ३०० म्हणजे सीबी ७५०. गंमत अशी की हे तीन आकडे भाग मुळात कुठल्या गाडीसाठी घडवला तेवढंच सांगतात. तोच भाग होंडाने पुढे दुसऱ्या गाड्यांनाही लावलेला असू शकतो, त्यामुळे भंगारातल्या दुसऱ्याच होंडावरही ३०० सापडतो. इंजिन आणि चासी नंबर जुळत नाहीत म्हणूनही दचकू नये. होंडाने ते जुळवलेच नव्हते. सुरुवातीची ७,४१४ इंजिनं खडबडीत क्रँककेसची; वाळूच्या साच्यातली नसूनही ती ‘सँडकास्ट’ म्हणून ओळखली जातात आणि संग्राहकांत त्यांना चढा भाव. जुनी मोटर विकणारा नुसतं ‘बसेल’ म्हणाला, तर तिच्या शाफ्टच्या दातांचा जवळून काढलेला फोटो मागावा आणि दात मोजूनच पैसे द्यावेत.