परत आणायला किती वेळ लागेल?

सांगलीत छोट्या कार्यालयांचे संगणक सांभाळायचे, हा माझा धंदा. मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढ्या, सीएंची ऑफिसं, काही दवाखाने, एक पतसंस्था. बॅकअपचा विषय निघाला की निम्मी गिऱ्हाइकं म्हणतात, “मॅडम, सगळं क्लाउडवर टाकून द्या, कटकट नको.” उरलेली म्हणतात, “आपला डेटा आपल्या कपाटात बरा.” मी दोघांनाही एकच विचारते : उद्या सकाळी सर्व्हर चालूच झाला नाही, तर पहिली पावती किती वाजता फाडायची आहे? यावर सहसा शांतता पसरते आणि मग खरं बोलणं सुरू होतं.

बॅकअपचं सॉफ्टवेअर म्हणजे रात्री कॉपी मारणारा प्रोग्राम, एवढीच बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात त्यात दोन गोष्टी असतात. एक, जिथे प्रती साठवतात ती जागा. दुसरी, त्या प्रतींचा कारभारी : कोणत्या दिवशी काय घेतलं, कुठे ठेवलं, कोणत्या पासवर्डने कुलूप लावलं याची नोंदवही सांभाळणारा सर्व्हर. प्रती क्लाउडवर आणि कारभारी ऑफिसातल्या जुन्या पीसीवर, अशी मांडणी मी खूप ठिकाणी पाहते. तो पीसी गेला की प्रती शाबूत असूनही लगेच हाती येत नाहीत. सॉफ्टवेअर नव्याने टाका, लायसन्स शोधा, नोंदवही पुन्हा उभी करा, यातच दिवस जातो. आणि कुलपाचा पासवर्ड त्याच पीसीवरच्या एखाद्या फाइलमध्ये लिहिलेला असेल, तर विषयच संपला. म्हणून तो पासवर्ड मी कागदावर लिहून मालकाच्या तिजोरीत ठेवायला लावते. लोक हसतात, पण ठेवतात.

आमच्याकडे जागेचा प्रश्न पुस्तकी नाही. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट. लोकांनी 2005 च्या पुराचा अंदाज धरून सीपीयू टेबलावर चढवले आणि बाहेर पडले. पाणी टेबलाच्याही वर आलं. सर्व्हर गेला आणि त्याच्या शेजारी ठेवलेली बॅकअपची डिस्कही गेली. ज्या एका सीएंचा टॅलीचा डेटा बाहेर होता, त्यांच्या मुलाने पुण्यात बसून जीएसटीची विवरणपत्रं भरली. इथे वीजही नव्हती. तेव्हापासून नदीकाठच्या ऑफिसला मी ‘फक्त कपाटात’ हा पर्याय देतच नाही.

पण म्हणून क्लाउड म्हणजे आकाशातली सुरक्षित जागा असंही नाही. तीही कुणाची तरी इमारतच असते. 10 मार्च 2021 ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या मोठ्या कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. काही ग्राहकांच्या प्रतीही त्याच आवारात होत्या. त्या सर्व्हरबरोबरच गेल्या. गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत जानेवारी 2017 मध्ये एका कर्मचाऱ्याकडून चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर रोज प्रत जाते अशी सगळ्यांची समजूत होती; उघडून पाहिलं तर जागा रिकामी. प्रत घेणाऱ्या साधनाची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नव्हती, आणि ‘बॅकअप फसला’ असं सांगणाऱ्या ईमेल पोचतच नव्हत्या. शेवटी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत सापडली म्हणून नुकसान सुमारे सहा तासांच्या नोंदींवर भागलं. कंपनीने हे सगळं लपवलं नाही, जाहीर लिहिलं. त्याबद्दल मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

आता वेळेचं गणित. हळदीच्या पेढीचा टॅलीचा डेटा फार तर दोन-चार जीबी. साध्या ब्रॉडबँडवरही तो तासाभरात परत येतो. अशा पेढीने स्वतःचा बॅकअप सर्व्हर पोसण्यात अर्थ नाही. यूपीएसची बॅटरी बदला, डिस्क बदला, सॉफ्टवेअर अपडेट करा, हे करायला माणूस कुठे आहे तिथे? सॉफ्टवेअर, कारभारी, साठा, सगळं भाड्याच्या सेवेवर द्यावं. फक्त पैसे कापले जाणारं कार्ड कधी संपतं ते मालकाने लक्षात ठेवावं. ते बंद पडलं की काही दिवसांनी सेवाही बंद पडते.

दवाखान्याचं गणित उलटं. सीटी स्कॅन आणि एक्स-रेच्या प्रतिमा मिळून समजा 4 टीबी साठल्या. 100 एमबीपीएसची लाइन अखंड पूर्ण वेगाने चालली तरी एक टीबी उतरवायला साधारण 22 तास लागतात, म्हणजे चार टीबीला पावणेचार दिवस. शिवाय बऱ्याच क्लाउड सेवा डेटा बाहेर काढण्याचे वेगळे पैसे लावतात. सगळ्यात स्वस्त ‘थंड’ साठ्यात ठेवलं असेल, तर उतरवायला सुरुवात होण्याआधीच 12 ते 48 तास थांबावं लागू शकतं. रुग्ण तेवढा थांबत नाही. इथे बॅकअप सर्व्हर जागेवरच हवा, वरच्या मजल्यावर, आणि दुसरी प्रत गावाबाहेर. एकाच पेटीत दोन डिस्कवर एकसारखा डेटा ठेवला म्हणजे बॅकअप झाला, असं विकणारे सांगतात. ते खोटं आहे. एका डिस्कवर पुसलेली फाइल दुसरीवरूनही त्याच क्षणी पुसली जाते.

जागेवरच्या सर्व्हरला पुरापेक्षा मोठा शत्रू आता खंडणीखोर व्हायरस आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर असा हल्ला झाला. नोंदणीपासून रिपोर्टपर्यंतची कामं कित्येक दिवस कागदावर चालली. ई-हॉस्पिटलचा डेटा परत आला, तो हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून. हे हल्लेखोर आत शिरले की आधी बॅकअप शोधतात. त्यामुळे बॅकअपच्या कारभाऱ्याचं लॉगिन ऑफिसच्या रोजच्या लॉगिनपेक्षा वेगळं असलंच पाहिजे, आणि निदान एक प्रत अशी हवी की ठरलेली मुदत संपेपर्यंत ती अ‍ॅडमिनलाही पुसता येणार नाही. ही सोय बऱ्याच क्लाउड सेवांत असते. क्लाउडच्या बाजूने माझ्या मते सगळ्यात भक्कम मुद्दा हाच. स्वस्ताईचा मुद्दा मला तितका पटत नाही. पतसंस्थेत तर मी याच्या जोडीला महिन्याला एक डिस्क तारेतून सोडवून मिरजेच्या लॉकरमध्ये पाठवते. तारेला न जोडलेल्या डिस्कवर कोणताही व्हायरस चढत नाही.

कायद्याचंही बघावं लागतं. कंपनी म्हणून नोंदणी असेल, तर संगणकावर ठेवलेल्या हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर, आणि तोही रोज घेतला पाहिजे, असा नियम ऑगस्ट 2022 पासून आहे. सेवेचं खातं उघडताना ठिकाणाचा रकाना येतो, तिथे मुंबई, पुणे किंवा हैदराबाद असं काही निवडा. घाईत तो रकाना कुणी वाचत नाही.

क्लाउड घ्या नाहीतर कपाट, पैसे देण्याआधी विकणाऱ्याला समोर बसवा. मागच्या आठवड्यातली एखादी फाइल नाव घेऊन मागा आणि ती दुसऱ्याच संगणकावर उघडून दाखवायला सांगा. तीन महिन्यांनी एकदा हीच परीक्षा घ्यायची, ही अट वार्षिक कंत्राटात लिहून घ्या. जो नाही म्हणेल, त्याला कंत्राट देऊ नका.