धनुर्धाऱ्यास दुर्बीण कशाला?
अमेरिकेतील दाट रानात पांढऱ्या शेपटीच्या हरणाची धनुष्यबाणाने शिकार करणारा पारधी बहुधा २०-३० यार्डांवरूनच बाण सोडतो. मग दुर्बिणीचे ओझे कशाला? परंतु दुर्बीण केवळ दूरचे जवळ आणते असे नव्हे. तिचा रोख एका अंतरावर स्थिरावला, की अलीकडची पाने धूसर होतात आणि त्यांमागचा कान वा शिंग स्पष्ट उमटते. ८ पट वर्धनाची, ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण संधिप्रकाशातही चांगली चालते. खरी घातकी असते ती बाणाच्या वाटेतली बारीकशी काटकी! तिचा निसटता स्पर्शही बाणाची दिशा फिरवतो. मग जनावर मरत नाही, जखमी होऊन रानात दिसेनासे होते. ती काटकी आधी हेरण्यासाठी तरी दुर्बीण गळ्यात असावीच. हरीण टप्प्यात आल्यावर मात्र ती उचलू नये. हाताची तेवढी हालचालही त्याला उधळावयास पुरते.