थरथरत्या पिकअपचा एक दिवस

सकाळी साडेसहा. कार्तिक लागला की कौंडण्यपुरात वर्धा नदीवरून येणारा गारवा अंगाला जाणवतो. गाडी कालच संध्याकाळी गॅरेजवर लावून घेतली होती. थंड इंजिन जे सांगतं, ते तापलेलं इंजिन सांगत नाही, म्हणून अशा गाड्या मी रात्रभर ठेवून घेतो. चार सिलिंडरची, जुन्या यांत्रिक पंपाची डिझेल पिकअप, संत्र्याचे कॅरेट वाहणारी. मालक म्हणाले, "मिस्त्री, गाडी उभी राह्यली का नुसती थरथरते. आरशात मागचं काई दिसत नाई. एका जागी तं पूरा पंपच बदला मनले." मी म्हटलं, "काका, आधी दुखणं पाहू, औषध मग."

सात. चावी मारली. सुरू व्हायला वेळ लागला, मागून पांढरा धूर आला, डिझेलचा उग्र वास डोळ्यांत गेला. काळा धूर असता तर एअर फिल्टर चोंदला का पाहिलं असतं, निळा असता तर ऑइल जळतंय असं समजलो असतो. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही राहिला, म्हणजे कुठेतरी डिझेल न जळताच बाहेर पडतंय. क्लच दाबून पाहिला, थरथर तशीच. रेस वाढवली की कमी. चालत्या गाडीत वेगाबरोबर वाढणारी थरथर असती, तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस किंवा सेंटर बेअरिंग पाहिलं असतं. ही उभ्या गाडीची, म्हणजे इंजिनाची तक्रार.

आठ. स्वस्तातलं आधी. डिझेल फिल्टरचा खालचा स्क्रू सोडून बाटलीत धरला. डिझेलखाली पाण्याचा थर स्पष्ट दिसला. फिल्टर बदलला, पाइपांचे जोड आवळले, हातपंप मारून लाइनमधली हवा काढली. बुडबुडे थांबून अखंड धार आली. पुन्हा सुरू केली. फरक पडला, पण थोडाच.

नऊ. आता खरी तपासणी. गाडी स्लोवर, म्हणजे रेस न देता, ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट पान्याने जरासा सैल करायचा. त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं. सिलिंडर काम करत असेल तर इंजिन लगेच दबतं. पहिल्याला दबलं. दुसऱ्याला दबलं. तिसऱ्याचा नट सैल केला, इंजिनाच्या आवाजात काहीच बदल नाही. चौथ्याला पुन्हा दबलं. चोर तिसरा. अशा इंजिनात ठिणगीचा क्रम बहुतेक एक, तीन, चार, दोन असतो, म्हणजे डिझेलमध्ये ठिणगी नसली तरी पेट घेण्याचा क्रम हाच. मिनिटाला 800 फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडर 400 वेळा पेटायला हवा. एक मेला की मिनिटाला 400 धक्के चुकतात. केबिनमध्ये हाताला लागत होतं ते हेच.

या कामात पोरांना एकच गोष्ट ओरडून सांगतो: सैल नटासमोर बोट धरू नका. नोझल उघडतं ते 200 बारच्या आसपासच्या दाबाला. त्या दाबाची डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते. तशी जखम बारीक दिसली तरी थेट दवाखाना गाठायचा.

दहा. तिसरा मेला, पण कशाने? नोझल, टपेट की कॉम्प्रेशन? वरचं झाकण काढून फिलर गेजने टपेट पाहिले, ठीक होते. मग चारही नोझल काढले, पाइपांच्या तोंडांना स्वच्छ प्लास्टिक बांधलं, आणि पुलावरून नदीपलीकडे आर्वीला, डिझेल पंप-नोझल दुरुस्त करणाऱ्याकडे निघालो.

साडेअकरा. टेस्टरवर नोझल लावून दांडा दाबला की दोष लपत नाही. चांगल्या नोझलमधून धुक्यासारखा बारीक फवारा कटकट आवाज करत सुटतो. तिसऱ्यातून एका बाजूला धार गेली आणि टोकाला थेंब लोंबकळत राहिला. त्याच्या आतली सुई न् तिचं घर यांत काही मायक्रॉनचीच फट असते. पाण्याने गंज धरला की ती सुई अडकते. तिसऱ्याचं नोझल नवं टाकलं, बाकीचे साफ करून चौघांचा दाब सारखा लावून घेतला.

दोन. नोझल बसवले, खाली नवे तांब्याचे वॉशर घातले. जुना वॉशर पुन्हा घातला तर तिथूनच कॉम्प्रेशन गळतं. हवा काढली, गाडी सुरू केली. धूर गेला. पुन्हा एकेक नट सैल करून पाहिला, आता चारही वेळा इंजिन दबलं.

तीन. तरी स्टेअरिंगला हलकी थरथर होतीच. चाकांना दगड लावले, लोखंडी टॉमीने इंजिन उचलून पाहिलं. इंजिन ज्यावर टेकतं त्या डाव्या फाउंडेशनचं रबर तेलाने फुगून फाटलेलं. दोन्ही बाजूंची रबरं बदलली. हेच रबर सकाळी आधी बदललं असतं, तर थरथर कमी झाली असती आणि मालक समाधानाने घरी गेले असते. पण तिसऱ्या सिलिंडरात न जळलेलं डिझेल भिंतीवरचं ऑइल धूत राहिलं असतं, खाली उतरून ऑइल पातळ करत राहिलं असतं, आणि पुढे पिस्टन-रिंगचं काम निघालं असतं. ऑइलची काडी काढून हुंगली, डिझेलचा वास होताच. ऑइलही बदललं. शेवटी स्लो लावला.

साडेचार. ट्रायल. अंबिकेच्या देवळाकडच्या रस्त्यावर यात्रेकरूंची गर्दी, गाडी माणसाच्या पावलाने चालवावी लागते. रुक्मिणीच्या या माहेराहून पंढरपूरला जाणारी पालखी 1594 पासूनची सांगतात. पालखीमागे सामानाची गाडी चालवणाऱ्याला विचारा, इंजिनाचा कस वेगात लागत नाही, दिवसभर स्लोवर रांगण्यात लागतो. आजची गाडी त्या गर्दीत एकदाही बंद पडली नाही.

सहा. हिशेब झाला. पंप बदलण्याच्या मानाने खर्च फारच थोडा. काका म्हणाले, "पाणी कुठून आलं मंग?" विचारल्यावर कळलं, डिझेल शेतात प्लास्टिकच्या कॅनमध्ये उघड्यावर असतं.

तर गाडीवाल्यांनो, डिझेल कॅनमध्ये साठवू नका, साठवलंच तर झाकण घट्ट लावा आणि गाळून भरा. फिल्टरमधलं पाणी नियमित काढा. आणि कोणी न तपासताच मोठा पार्ट बदलायला सांगितला, तर आधी एकच विचारा: चारांतला कोणता सिलिंडर काम करत नाही, ते दाखवा.