खसखस आणि अफू : एका बोंडाचे दोन अर्थ

दिवाळीत माजिवड्यापासून डोंबिवलीपर्यंतच्या मराठी घरांतून अनारसे थापले जातात ते खसखशीवर. माजिवड्यावरून जाणारा मुंबई-आग्रा मार्ग पुढे माळव्यात पोहोचतो. आणि एकोणिसाव्या शतकात त्याच माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. खसखस व अफू ही दोन्ही एकाच वनस्पतीची उत्पन्ने होत. तथापि मराठी व्यवहारात त्यांना दिलेले अर्थ परस्परविरोधी आहेत.

या विरोधाचे मूळ बोंडाच्या रचनेत आहे. कोवळ्या बोंडाला चिरा दिल्या असता पाझरणारा चीक वाळून अफू होते. मॉर्फिन, कोडीन इत्यादी द्रव्ये या चिकात असतात. तेच बोंड पक्व होऊन वाळले म्हणजे त्यातून खसखस झडते. बीजात ही द्रव्ये जवळजवळ नसतात. आढळलाच तर बाहेरून लागलेल्या चिकाचा अंश आढळतो.

चरक-सुश्रुतांच्या संहितांत अफूचा निर्देश नाही. शार्ङ्गधरसंहितेत मात्र 'अहिफेन' येते. ग्रीक 'ओपिऑन' अरबीत 'अफयून' झाला आणि संस्कृताने त्या ध्वनीला 'सर्पाचा फेस' असा अर्थ दिला. या नामकरणातच विषाची जाणीव प्रकट होते.

मराठी वाक्प्रचारांतही हाच भेद दिसतो. सभेत हशा उसळला की 'खसखस पिकते'. बुद्धीला गुंगी आणणारा विचार मात्र 'अफूची गोळी' ठरतो. या दुसऱ्या प्रयोगामागे मार्क्सच्या १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मविषयक उक्तीचा प्रभाव आहे. परंतु मुंबईच्या गिरणगावात ही गोळी केवळ रूपक नव्हती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कामावर जाणाऱ्या अनेक माता तान्ह्या मुलांना अफूमिश्रित 'बाळागोळी' देऊन निजवीत. त्यास केवळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. कामाचे दीर्घ तास आणि पाळणाघरांचा अभाव ही त्यामागील कारणे होती.

युरोपात पहिल्या महायुद्धातील मृतांचे स्मरणचिन्ह झालेले तांबडे फूल याच कुळातील, पण निराळ्या जातीचे आहे. त्यावरून येथील प्रतीकांचा अर्थ लावणे युक्त नव्हे.

१९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यानेही हा भेद मान्य केला आहे. झाडाच्या इतर भागांवर निर्बंध घालताना त्याने बीज वगळले. लागवड मात्र परवान्याविना निषिद्ध ठेवली. परवाने मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथील ठराविक क्षेत्रांतच मिळतात. म्हणून २०१२ साली बीड जिल्ह्यात अफूची शेते उघडकीस आली तेव्हा, पीक खसखशीसाठी घेतले की चिकासाठी, या प्रश्नाने लागवडीचे बेकायदेशीरपण टळणारे नव्हते. संयुक्त अरब अमिरातीत तर बीजही निषिद्ध असल्यामुळे तेथील मराठी कुटुंबांना अनारशांसाठी खसखस नेता येत नाही.

सारांश, मराठीत प्रतीकाचा आधार संपूर्ण वनस्पती नसून तिचे अंग आहे : बीज आनंदाचे, चीक मोहाचा. भाषेने केलेली ही विभागणी रसायनशास्त्राच्या निर्णयाशी जुळते. कायद्याला मात्र, दोन्ही एकाच बोंडात वाढत असल्यामुळे, शेतात ती पाळता येत नाही.