एक पाना, अनेक नट

नटबोल्टांवाचून आज शेतीचे पान हलत नाही. विहिरीवरचा मोटरपंप पाहा, डिझेल इंजिन पाहा, ट्रॅक्टरचा नांगर पाहा, नाही तर दारातली सायकल पाहा. सगळे नटबोल्टांनी बांधलेले आहे. नट ढिला झाला की पंप थडथडतो, जोडातून पाणी गळते. नट आवळायचा तर पाना हवा. पण कोणता?

पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळी आहे. तेथे हत्यारांची दुकाने पुष्कळ. गावाकडची माणसे तेथे पाने घ्यायला येतात. काहीजण म्हणतात, "शेठ, सगळ्याला चालेल असा एकच पाना द्या." शेठ स्क्रू पाना काढून देतो. कोणी त्याला अॅडजस्टेबल पाना म्हणतात. एका पान्यात सगळे काम भागले, असे गिऱ्हाइकाला वाटते. आम्ही सांगतो, अर्धे काम भागते. कोणते भागते नि कोणते भागत नाही, ते आता पाहू.

पान्यावरचा आकडा

आधी साधा पाना हातात घ्या. त्याला दोन टोकांना दोन तोंडे असतात. त्यावर आकडे कोरलेले असतात. १०–११, १२–१३, १६–१७ असे. हे आकडे आता तुम्हांला वाचता येतात. त्यांचा अर्थ समजून घ्या.

१३ आकडा म्हणजे पान्याचे तोंड १३ मिलिमीटर रुंद आहे. त्यात १३ मिलिमीटर रुंदीचा नट बसतो. हा आकडा बोल्टाच्या जाडीचा नव्हे. १३ नंबरचा नट बहुधा ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टावर असतो. पुष्कळांचा येथेच घोटाळा होतो.

साध्या पान्याचे तोंड कमीजास्त होत नाही. १२ नंबरच्या पान्यात १३ चा नट जात नाही. १४ चा पाना १३ च्या नटावर सैल बसतो. म्हणजे जितके नट तितके पाने.

स्क्रू पाना का निघाला

हीच अडचण स्वीडन देशातल्या एका कारागिराला आली. त्याचे नाव योहान पेत्तर योहान्सन. एन्शोपिंग नावाच्या गावी त्याचा कारखाना होता. तो यंत्रे दुरुस्त करायला जाई. प्रत्येक यंत्राचे नट निराळे. त्यामुळे पान्यांचे ओझे बरोबर न्यावे लागे. सरकत्या जबड्याचे पाने इंग्लंडात आधीच निघाले होते. योहान्सनने त्यात चांगली सुधारणा केली आणि १८९२ साली आपल्या पान्याचे पेटंट घेतले. आज आपण वापरतो तो स्क्रू पाना त्याच घडणीचा आहे.

ह्या पान्याला दोन जबडे असतात. एक दांड्याशी अखंड, तो हलत नाही. दुसरा सरकतो. सरकत्या जबड्याला खाली दाते असतात. ते दाते एका आटे पाडलेल्या फिरकीत अडकलेले असतात. अंगठ्याने फिरकी फिरवली की जबडा पुढेमागे सरकतो. नट लहान असो की मोठा, तोंड तेवढे करता येते.

आपल्या देशात ह्याचा आणखी एक उपयोग आहे. पूर्वी आपले माप इंचाचे होते. १९५६ साली दशमान मापांचा कायदा झाला. पुढे मिलिमीटर रूढ झाले. पण लोखंड लवकर मरत नाही. जुन्या यंत्राचे नट इंचाच्या मापाचे, नव्याचे मिलिमीटरचे, असे अजून आढळते. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्या नटाला १२ चा पाना जात नाही आणि १३ चा किंचित सैल पडतो. स्क्रू पान्याचे तोंड मात्र बरोबर तेवढे करता येते.

त्याची उणीव

जो जबडा सरकतो, तो थोडा हलतोही. त्यात बारीकशी ढिलाई असतेच. पाना जुना झाला की दाते झिजतात नि ढिलाई वाढते. जोर लावला की जबडा जरासा मागे जातो. पाना नटाच्या बाजूवरून सरकून कोपऱ्यावर येतो, आणि सटकतो.

सटकला की दोन नुकसाने होतात. एक आपल्या हाताचे. बोटांची पेरे लोखंडावर आपटून सोलून निघतात. दुसरे नटाचे. त्याचे सहा कोपरे झिजतात, नट गोल होतो. गोल झालेला नट कोणताच पाना नीट धरत नाही. मग छिन्नीने तोडा, फिटरला बोलवा, नवा बोल्ट आणा. तोवर वीज येऊन निघून जाते आणि कांद्याचे वाफे कोरडेच राहतात. नट दोन-चार रुपयांचा, पण पाण्याची पाळी गेली ती गेलीच.

शिवाय स्क्रू पान्याचे डोके जाड असते. अडचणीच्या जागी ते शिरत नाही. तेथे साधा पातळ पाना किंवा रिंग पाना जातो. रिंग पाना नटाभोवती चोहोबाजूंनी बसतो, म्हणून तो सहसा सटकत नाही. गंजलेला, घट्ट बसलेला नट असेल तर रिंग पानाच घ्यावा. आधी नटावर गंज सोडवणारे तेल टाकावे, थोडा वेळ थांबावे, मग जोर करावा.

कसा धरावा

स्क्रू पाना वापरायची रीत आहे. विजेच्या पंपावर काम असेल तर सर्वांत आधी मेन स्विच बंद करा. दांड्याला रबर आहे म्हणून वीज लागणार नाही, असे समजू नका.

पाना नटावर पूर्ण आत घाला. टोकाने धरू नका. फिरकी फिरवून जबडा नटाला घट्ट टेकवा. आता दांडा ज्या बाजूला ओढायचा, त्या बाजूला सरकता जबडा येऊ द्या. म्हणजे मुख्य जोर न हलणाऱ्या जबड्यावर पडतो. उलटा धरला तर सगळा भार सरकत्या जबड्याच्या टोकावर येतो, आणि पाना पसरतो.

दांडा शक्यतो आपल्याकडे ओढा. ढकलताना पाना सुटला तर मूठ यंत्रावर आपटते. ढकलावेच लागले तर उघड्या तळव्याने ढकला. थोडे फिरवून झाले की फिरकी पुन्हा आवळा, कारण ती आपोआप सैल होते.

दांड्यात पाइप घालून लांबी वाढवू नका. त्याने जोर वाढतो खरा, पण तो जोर जबड्याला सोसत नाही. पान्याने हातोडीसारखे ठोकू नका. गोल पाइपालाही तो लावू नका. त्यासाठी दातांचा पाइप पाना निराळा मिळतो.

मग काय घ्यावे?

आपल्या यंत्राला कोणत्या नंबरांचे नट आहेत, ते फिटरला विचारून कागदावर लिहून घ्या. बहुधा चार-पाच नंबरच निघतात. तेवढे रिंग पाने घ्या. सोबत दहा इंची एक स्क्रू पाना घ्या. नट फिरवताना खाली बोल्टाचे डोकेही फिरते. ते धरून ठेवायला दुसरा पाना लागतोच. तेथे स्क्रू पाना फार चांगला. नंबरी पान्याने फिरवावे, स्क्रू पान्याने धरावे. दोघांची जोडी जमली की काम सोपे होते.

वापरून झाला की पाना पुसा, फिरकीत तेलाचा एक थेंब सोडा. चिखलात टाकून ठेवलेला पाना आयत्या वेळी दगा देतो.

ध्यानात ठेवा

१. पान्यावरचा आकडा नटाच्या रुंदीचा असतो.
२. घट्ट नटाला नंबरी पाना. हलक्या कामाला नि धरायला स्क्रू पाना.
३. ओढायच्या बाजूला सरकता जबडा.
४. आधी मेन स्विच बंद, मग हात.

उत्तरे लिहा

१. १३ नंबरच्या पान्यात कोणता नट बसतो?
२. नट गोल का होतो?
३. तुमच्या घरच्या पान्यांवर कोणते आकडे आहेत? वाचून लिहा.