चमचाभर साखरेची राखण

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. त्या सगळ्या रक्तात, उपाशीपोटी, साखर किती असावी? जेमतेम ५ ग्रॅम. चहाचा एक चमचा! दिवसाला शंभर ग्रॅमहून जास्त ग्लुकोज संपवणारा मेंदू स्वतःजवळ फारसा साठा ठेवत नाही, तो या चमच्यावरच विसंबतो. तरी रात्रभर काही न खाता आपण सकाळी ठणठणीत उठतो, कारण यकृत आपल्या साठ्यातून रक्तात साखर सोडत राहतं.

राखण किती चोख! दर १०० मिलिलिटर रक्तातली साखर ८० मिलिग्रॅमच्या आसपास उतरली की स्वादुपिंड साखर उतरवणारं इन्सुलिन आवरतं. ७० च्या खाली गेली की ग्लुकागॉन यकृताला साठा मोकळा करायला लावतं आणि मदतीला अ‍ॅड्रेनलिन येतं.

टाइप वन मधुमेहात मात्र इन्सुलिन बाहेरून टोचावं लागतं, आणि एकदा टोचलेलं परत काढून घेता येत नाही. काही वर्षांत ग्लुकागॉनही वेळेवर धावेनासं होतं. उरतं अ‍ॅड्रेनलिन. साखर फार उतरून ‘लो’ होताना हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, कडकडून भूक लागते, ती बरीचशी त्याचीच हाक. ५४ च्या खाली मेंदूचीच उपासमार सुरू होते. बोलणं अडखळतं, माणूस उगाच चिडतो, समोरचं सुधरत नाही.

उपाय साधा आहे. साखर ७० च्या खाली गेली, की १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून ७० च्या खालीच असेल तर पुन्हा घ्यायची. इथे पेढा किंवा चॉकलेट कामाचं नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. काहीजण दंडावर सेन्सर लावतात; तो त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून तो रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. साखर सावरली तरी आकडा खालीच दिसतो, आणि घाबरून जास्त खाल्लं जातं. शंका आली तर बोटाला सुई टोचून खात्री करावी.

संध्याकाळी मैदानावर घाम गाळला, तर स्नायू रात्रीही साखर ओढत राहतात आणि पहाटे ‘लो’ येऊ शकतो. वारंवार ‘लो’ झालं की अ‍ॅड्रेनलिनची हाकही क्षीण होते, घाम-थरथर न होताच शुद्ध हरपू शकते. पण नवल पाहा: डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे ‘लो’ कटाक्षाने टाळले, तर ती हाक बहुतेकांना पुन्हा ऐकू येऊ लागते.

तुमच्या वर्गात, कचेरीत, घरात टाइप वन असलेलं कुणी असेल, तर त्यांची लक्षणं कोणती आणि ग्लुकोजचा पुडा कुठे असतो ते आजच विचारून ठेवा. वर्गात भर तासाला असं मूल साखर खाऊ लागलं तर अडवू नका. आणि कुणी बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. कुशीवर वळवा, ग्लुकागॉनचं औषध हाताशी असेल तर द्या, आणि लगेच १०८ ला फोन करा.